जिंकलेल्या शहरांचं नेमकं करायचं काय? (सिव्ह, टोटल वॉर, ईयू खेळणारे इकडे या)

रात्रपाळी
सिव्ह ५ (सिव्हिलायझेशन ५ हा कॉम्प्युटर गेम) खेळतोय, सगळी एक्स्पान्शन्स (जादा भाग) टाकून, भारत घेऊन. शेजारी रोमचा ऑगस्टस सीझर. पहिल्यापासून माझ्या हद्दीला खेटून शहरं वसवत होता, शेवटी क्रॉसबो आणि ट्रेबुशे जमवून गेलो त्याच्यावर. रोम, अँटियम, क्युमी, निआपोलिस, चारही घेतली. लढाईचा प्रश्न नाहीये, ती मस्त झाली. प्रश्न नंतरचा आहे. चारही शहरं पपेट करून ठेवलीत (आपली, पण कारभार शहर स्वतःच बघतं) आणि हॅपिनेस, म्हणजे प्रजेचं समाधान, आलाय उणे ९ वर. दिल्ली-मुंबईची वाढ जवळजवळ थांबलीये, आणि उणे १० झालं की बंडखोर उगवायला लागतील ते वेगळंच.

लोकसंख्या सांगतो. रोम १२, अँटियम ७, निआपोलिस ४, क्युमी ३. रोम मूळ राजधानी असल्यामुळे जाळता येत नाहीच. बाकीच्यांचं काय करू? पपेटच ठेवू, अ‍ॅनेक्स करू (पूर्ण आपल्या कारभारात घेऊ), जाळू, की कुणाला विकून टाकू?

आणि फक्त माझ्या गेमपुरतं नको. तुम्ही जो कुठला ऐतिहासिक स्ट्रॅटेजी गेम खेळता त्यात शहर हातात आल्यावर काय करता आणि का करता ते लिहा. मला वाटतं या एका निर्णयावर अर्धा गेम ठरतो आणि त्याबद्दल आपल्याकडे कुणी सविस्तर लिहिलेलंच नाही.

घाटावरचा
जाळून टाक. मग वाचतो पुढचं.

सांजवेळ
आलेच घाटावरचे काडेपेटी घेऊन :)

हिशेबनीस
रात्रपाळी, तुम्ही भारत घेतलाय हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, बाकी सल्ले त्यानंतर. इतर सिव्हना प्रत्येक शहरामागे ३ नाराजी आणि प्रत्येक माणसामागे १. गांधींच्या भारताला शहरामागे दुप्पट म्हणजे ६, पण माणसामागे निम्मी म्हणजे अर्धी. आता मांडून बघा. ६ लोकसंख्येच्या शहराला इतरांना ३ अधिक ६ म्हणजे ९, आणि भारताला ६ अधिक ३ म्हणजे ९च. म्हणजे ६ वर हिशेब बरोबरीत सुटतो. त्याच्या वर गेलात की भारत फायद्यात, खाली आलात की तोट्यात.

म्हणून तुमचं रोम १२ नाराजी आणतंय, जे दुसऱ्या कुणाला १५ पडलं असतं. अँटियम साडेनऊ. पण क्युमीची ती तीन माणसं तुम्हाला साडेसात नाराजी देतायत आणि बदल्यात देतायत काय? थोडंसं सोनं आणि चिमूटभर सायन्स, त्यातही पपेटचं सायन्स आणि कल्चर २५ टक्के कापूनच मिळतं. क्युमी गेलं पाहिजे. निआपोलिसला ८ पडतात, तिथे काय आहे त्यावर ठरेल.

भारत घेऊन लढाई करायचीच नाही असं बरेच जण सांगतात ते मला पटत नाही. भारताने लढावं, पण शेजाऱ्याचं मोठं शहर घ्यावं आणि चिल्लर सोडून द्यावी.

रात्रपाळी
हे कुणी असं मांडून दाखवलंच नव्हतं, खूप आभार. निआपोलिस समुद्रावर आहे आणि हद्दीत वाईन आहे, जी माझ्याकडे नाही. पण अजून मजूर पोचलेला नाही तिथे.

चहाबाज
मग निआपोलिसला हात लावू नका! नवीन लक्झरी (चैनीची वस्तू, इथे वाईन) म्हणजे सरळ ४ हॅपिनेस. आठातले चार तिथेच वसूल. त्यात पपेट स्वतःहून कधी ना कधी कलोसियम बांधतंच, त्याचे २. आजच्या आज मजूर पाठवा, द्राक्षमळा लावा, रस्ता जोडा.

आणि क्युमी जाळण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या जी हिशेबनीस लिहायचे राहिलेत. शहर जळत असताना ते अ‍ॅनेक्स केलेलं आणि कोर्टहाउस (ताब्यात घेतल्याची जादा नाराजी घालवणारी इमारत) नसलेलं असं धरलं जातं, म्हणजे त्या काळापुरती नाराजी उलट वाढते. टर्नला (खेळीला) एक माणूस कमी होतो, तीन माणसं म्हणजे तीन टर्न. तुम्ही आधीच उणे ९ वर आहात, म्हणजे जाळायला घेतलं की त्याच क्षणी उणे १० च्या खाली. त्यामुळे आधी एखाद्या सिव्हकडून लक्झरी विकत घ्या, किंवा मर्कंटाइल सिटी स्टेटशी (व्यापारी छोट्या नगरराज्याशी) दोस्ती करा, चार-सहा वर या आणि मग काडी लावा.

हिशेबनीस
बरोबर, हे आधी यायला हवं. आणि उणे २० ला तर शहरं फुटून दुसऱ्याकडे जाऊ शकतात, तिथपर्यंत जाऊच नये.

कोथरूडचा_हॅनिबल
सिव्हमध्ये तुम्हाला आकडा दिसतो तरी. मी रोम टोटल वॉरवाला, २००४ चा मूळ गेम, अजून लॅपटॉपवर आहे आणि अजून खेळतो. तिथे शहर घेतलं की तीन बटणं येतात. नुसतं ताब्यात घ्या, लोकांना गुलाम करा, किंवा कत्तल करा. गुलाम केलं की साधारण अर्धी लोकसंख्या उचलून तुमच्या ज्या शहरांत गव्हर्नर बसलाय तिथे वाटली जाते. कत्तल केली की पाऊण लोकसंख्या जाते आणि खजिना भरतो.

नवीन खेळणारा दयाळूपणे ताब्यात घेतो आणि तीन टर्ननी बघतो तर शहराचा चेहरा लाल. कारण काय, तर राजधानीपासूनचं अंतर, परकी संस्कृती, आणि स्क्वॉलर, म्हणजे गर्दी आणि घाण. हा स्क्वॉलर लोकसंख्येबरोबर वाढतच जातो आणि तो पूर्ण घालवता येतच नाही. कार्थेज किंवा अलेक्झांड्रियासारखं भरलेलं शहर हातात आलं आणि राजधानी इटलीत असली की फौज तिथेच अडकून पडते. ज्या फौजेने पुढचं शहर घ्यायचं ती इथे दंगल होऊ नये म्हणून बसून राहते.

माझी पद्धत अशी. छोटं शहर असेल तर ताब्यात घ्यायचं, कारण त्याला वाढायचंय. मध्यम असेल तर गुलाम, कारण माझी घरची शहरं वाढतात आणि पुढच्या पातळीची इमारत लवकर मिळते. फार मोठं आणि फार लांबचं असेल तरच तिसरं बटण. मग लगेच त्यांची देवळं पाडून आपली बांधायची, कारण परक्या इमारती उभ्या असेपर्यंत संस्कृतीची नाराजी जात नाही. कर सगळ्यात खाली. आणि पेझंट! कुणी त्यांना लढाईत घेत नाही पण गॅरिसनमध्ये (शहरातल्या शिबंदीत) माणसांची संख्या मोजतात, दर्जा नाही. दमदार लीजन आत कोंडण्यापेक्षा स्वस्तातले शेतकरी भरा आणि लीजन पुढे न्या. वर फायदा असा की पेझंट भरती केले की त्या शहराची लोकसंख्या तेवढी उतरते, ते लांबच्या ओस शहरात नेऊन बरखास्त केले की तिथली वाढते. गर्दी हलवायचा हा रस्ता रक्ताशिवायचा आहे आणि फार थोडे लोक वापरतात.

राजधानी हलवणं हाही एक उपाय. पूर्वेकडे पसरलात की राजधानी मध्यावर आणायची, एकाच टर्नमध्ये पाच-सहा शहरांचे चेहरे बदलतात.

घाटावरचा
पेझंटवाली युक्ती भारी आहे राव. ही माहीत नव्हती.

सांजवेळ
मला एक विचारायचंय, आणि गंभीरपणे विचारतेय. कत्तलीचं बटण दाबताना तुम्हाला काहीच वाटत नाही का? मी कुठल्याच गेममध्ये शहर जाळत नाही. सिव्हमध्ये नाही, टोटल वॉरच्या मिडिव्हल २ मध्ये नाही. हॅपिनेस गेला तर गेला, हळू खेळते. शहर म्हणजे कुणीतरी पन्नास टर्न बसून वाढवलेली गोष्ट असते, तिच्यात ग्रंथालय असतं, एखादं वंडर (जगप्रसिद्ध वास्तू) असतं. ती नकाशावरून पुसली की मला तो नकाशाच नको वाटतो. आणि हे फक्त भावनेचं नाही, मिडिव्हल २ मध्ये त्याचा उपयोगही होतो. लोकांना सोडून दिलं की सेनापतीची शिव्हलरी (उदारपणा) वाढते, शिव्हलरीवाला गव्हर्नर असला की शहर वाढतं आणि शांत राहतं. कत्तलीने ड्रेड (दहशत) वाढतो. दोन्ही चालतात, पण मी पहिल्याने खेळते आणि मला जिंकता येतं.

गनिम
पिक्सेल आहेत हो ताई.

सांजवेळ
पिक्सेल आहेत हे मला माहितीये. बुद्धिबळातला घोडाही लाकडाचाच असतो, तरी आपण त्याला घोडा म्हणूनच चालवतो ना? मी ज्या राज्याची गोष्ट खेळतेय ते राज्य कसं वागतं हा माझ्यासाठी खेळाचाच भाग आहे.

चहाबाज
सांजवेळ यांच्याशी सहमत. आणि सिव्ह ५ मध्ये चौथा पर्याय लोक विसरतात, मुक्त करणे. शत्रूने दुसऱ्या कुणाचं किंवा सिटी स्टेटचं बळकावलेलं शहर तुमच्या हातात आलं तर मूळ मालकाला परत देता येतं. तुमच्यावर युद्धखोर म्हणून जो शिक्का बसलेला असतो तो त्याने बराच उतरतो. संपलेली सिव्ह पुन्हा जिवंत होते आणि ती तुमची मित्र असते. रात्रपाळी, सीझरने कुणाचं शहर घेतलेलं आहे का ते बघा.

रात्रपाळी
नाही, चारही त्याचीच. पण राव्हेना उरलंय त्याच्याकडे, टुंड्राच्या कडेला.

हिशेबनीस
राव्हेना त्याच्याकडेच राहू द्या. शेवटचं शहर घेतलं की युद्धखोरीचा दंड सगळ्यात मोठा बसतो, कारण तो समोरच्याकडे किती शहरं उरलीत त्यावर ठरतो. टुंड्रातल्या एका शहरासाठी सगळ्या जगाशी व्यापार तोडून घेऊ नका, तुम्हाला लक्झरी विकत घ्यायच्यात.

बखरवाचक
धागा उत्तम चाललाय. थोडं इतिहासाकडून लिहितो कारण हे सगळे पर्याय खरोखर वापरलेले आहेत आणि त्यांचे परिणामही नोंदलेले आहेत.

अलेक्झांडरने इ.स.पू. ३३५ मध्ये थीब्ज जमीनदोस्त केलं, लोक गुलाम म्हणून विकले, कवी पिंडारचं घर तेवढं ठेवलं. हेतू थीब्जचा नव्हताच, बाकीच्या ग्रीक शहरांना दाखवायचं होतं, आणि ती गप्प बसली, अथेन्ससकट. म्हणजे एक शहर जाळून मागचा सगळा मुलूख शांत करून तो आशियात उतरला. गेममध्ये हा परिणाम मात्र कुणी नीट दाखवत नाही. एक शहर जाळल्यावर दुसरं घाबरून दरवाजे उघडतंय असं सिव्हमध्ये होत नाही.

रोमने इ.स.पू. १४६ मध्ये कार्थेज आणि कॉरिंथ दोन्ही एकाच वर्षी उद्ध्वस्त केली. (मीठ पेरल्याची गोष्ट फार नंतरची आहे, प्राचीन लेखकांकडे ती नाही.) पण पुढचं बघा. शंभरेक वर्षांत सीझरने कॉरिंथ पुन्हा वसवलं, कार्थेजची नवी वसाहत सीझर आणि ऑगस्टस यांच्या काळात उभी राहिली आणि ती पश्चिमेतल्या सगळ्यात मोठ्या शहरांपैकी एक झाली. बंदर चांगलं होतं, मागे सुपीक जमीन होती. जागा चांगली असली की शहर जाळूनही तिथे पुन्हा शहरच होतं. तेव्हा जाळायच्या आधी जागा बघा. जिथे तुम्ही स्वतः सेटलर पाठवला असता तिथलं शहर जाळू नये.

उलट बाजूला १४५३ चं कॉन्स्टँटिनोपल. तीन दिवस लूट झाली, पण ऑटोमन सुलतान मेहमद दुसरा याला ते शहर राजधानी म्हणून हवं होतं आणि ते आधीच अर्धं ओस पडलेलं होतं. त्याने अनातोलिया आणि बाल्कनमधून माणसं आणून वसवली, त्यातली पुष्कळशी सक्तीने. ऑर्थोडॉक्स चर्चचा प्रमुख म्हणून गेनाडिओसला बसवलं, शेजारच्या गलातातल्या जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांना सवलतींचं फर्मान दिलं. हे अ‍ॅनेक्स करणं. कोर्टहाउसला सिव्हमध्ये टर्नला ४ सोनं देखभाल पडते ती लोकांना जास्त वाटते, खऱ्या जगात त्यापेक्षा पुष्कळ जास्त पडते.

गनिम
बखरवाचक, मराठ्यांचं पण लिहा की. एम्पायर टोटल वॉरमध्ये मराठे घेऊन मी दर वेळी मोगलांची शहरं गिळतो आणि मग अर्धी फौज दंगली आवरण्यात जाते.

बखरवाचक
मराठ्यांनी हे तिन्ही-चारही प्रकार केलेत, ठिकाण बघून.

सुरत १६६४ आणि १६७० मध्ये दोनदा लुटली, ठेवली नाही. ठेवायची असती तर मोगलांचं आरमारी आणि खुष्कीचं बळ अंगावर घेऊन ती राखावी लागली असती. पैसा काढला आणि निघाले. पुढच्या काळात लांबच्या मुलखावर चौथाई आणि सरदेशमुखी, म्हणजे महसुलाचा चौथा आणि दहावा हिस्सा. अंमल दुसऱ्याचा, हिस्सा आपला. शहर न घेता त्याचं उत्पन्न घेणं.

वसई १७३९. चिमाजी अप्पांना ती ठेवायचीच होती. मोठी माणसं पडली वेढ्यात, तरी तह झाल्यावर पोर्तुगीजांना सन्मानाने बाहेर पडू दिलं. किल्ला, बंदर आणि साष्टीसकट उत्तर फिरंगाणाचा (पोर्तुगीजांच्या उत्तरेच्या मुलखाचा) बराचसा भाग आपला झाला.

पपेट म्हणाल तर दिल्ली. १७७२ च्या जानेवारीत मोगल बादशहा शाह आलम मराठ्यांच्या फौजेबरोबर दिल्लीत परतला. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांना वकील-ए-मुत्लक (बादशहाचा सर्वाधिकारी) ही पदवी मिळाली. तख्तावर बादशहा, कारभार महादजींचा. आणि पपेटची जी अडचण गेममध्ये येते तीच आली, गॅरिसन पातळ. महादजी दुसरीकडे अडकलेले असताना १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरने दिल्ली घेतली, बादशहाचे डोळे काढले. महादजींच्या फौजेने त्याच वर्षी दिल्ली परत घेतली.

आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण जिंजीचं. १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेत शिवाजी महाराजांनी जिंजी घेतली. रायगडापासून इतकी लांब की गेममध्ये आपण 'अंतराची नाराजी फार, विकून टाका' म्हटलं असतं. महाराजांनी लुटली नाही, सोडली नाही. तटबंदीवर खर्च केला, कारभार बसवला. बारा वर्षांनी रायगड मोगलांच्या हाती जायची वेळ आली तेव्हा राजाराम महाराज जिंजीला गेले आणि तिथून राज्य चाललं. मोगल सरदार झुल्फिकार खान १६९८ पर्यंत त्या किल्ल्याला बसला होता. तेवढी वर्षं मोगलांची एक मोठी फौज तिकडे गुंतून पडली आणि इकडे संताजी-धनाजी मोकळे राहिले. टर्नला किती सोनं देतं एवढ्यावरून जिंजी मोजली असती तर ती कधीच ठेवली नसती.

सांजवेळ
हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका प्लीज. जिंजीचा मुद्दा असा कधी बघितला नव्हता.

घाटावरचा
+१. काडेपेटी खिशात ठेवली.

डब्लिनवाली
उशिरा येतेय धाग्यावर. चौथाईवरून आठवलं, युरोपा युनिव्हर्सालिस ४ (ईयू) मध्ये हे सगळ्यात चांगलं आहे कारण तिथे मुळात प्रांत सगळे स्वतःकडे ठेवायची घाई केली की गेम तुम्हाला शिक्षा करतो. जिंकलेला प्रांत कोअर (हक्काचा आपला) होईपर्यंत ओव्हरएक्स्टेन्शन (झेपेल त्यापेक्षा जास्त पसरल्याचा आकडा) चढत जातं, १०० टक्क्यांच्या वर गेलं की घटना अशा काही सुरू होतात की विचारू नका. कोअर करायला अ‍ॅडमिन पॉइंट जातात आणि ते टेक्नॉलॉजीलाही लागतात. म्हणजे मोठं युद्ध जिंकून तुम्ही पुढची वीस वर्षं मागास राहू शकता.

म्हणून मी मांडलिक करते. समजा मोठ्या शेजाऱ्याने कधीतरी गिळलेलं एखादं छोटं राज्य आहे, त्याचे कोअर अजून नकाशावर आहेत. तर त्यांचा एक प्रांत घ्यायचा, तिथून ते राज्य मांडलिक म्हणून मोकळं करायचं, आणि पुढच्या युद्धात त्याचे जुने प्रांत त्यालाच मिळवून द्यायचे. कोअर त्याचे आधीच आहेत, लोक त्याचे, बंड जवळपास नाही, वर शेजाऱ्यांचा राग कमी. दहा वर्षं झाली आणि त्याचं मत चांगलं असलं की डिप्लोमॅटिक पॉइंट देऊन हळूहळू सामील करून घ्यायचं. वेळ लागतो पण तोपर्यंत त्याची फौज तुमच्या बाजूने लढते.

जे प्रांत थेट घ्यावेच लागतात तिथे पहिल्याच दिवशी ऑटोनॉमी वाढवायची. २५ टक्के स्वायत्तता वाढते, असंतोष १० ने उतरतो. कर कमी येतो, पण बंड झालं तर करही येत नाही आणि किल्लाही जातो. दख्खनमध्ये खेळताना हे फार लागतं कारण तिथे दर चार प्रांतांवर संस्कृती बदलते. (मराठी संस्कृतीचं छोटं राज्य घेऊन पुढे मराठा राज्य घडवता येतं, ज्यांनी केलं नसेल त्यांनी कराच, १४४४ पासून सुरू करून. इथे पावसाळी रविवार भरपूर मिळतात, माझे त्यातच जातात.)

गनिम
डब्लिनवाली, कोअलिशन (शेजाऱ्यांची आपल्याविरुद्ध युती) होत नाही का तरी?

डब्लिनवाली
एकाच दिशेने खात सुटलात तर होतं. एकदा दक्षिणेला, एकदा पूर्वेला, एकदा किनाऱ्याला असं करायचं. राग जवळच्यांनाच जास्त येतो.

नवाभिडू
नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. मी सिव्ह ६ खेळतो, राइज अँड फॉल या एक्स्पान्शनसकट. तिथे माझं दुखणं वेगळं आहे, शहर घेतलं की पाच-सात टर्नमध्ये लॉयल्टी (निष्ठा) शून्य होऊन ते फ्री सिटी (कुणाचंच नसलेलं शहर) होतं. गॅरिसन असूनही. काय करायचं?

कोथरूडचा_हॅनिबल
एकच शहर घेऊन थांबू नकोस. लॉयल्टीचा दाब आजूबाजूच्या ९ षटकोनांपर्यंतच्या शहरांमधल्या माणसांचा असतो, जवळच्यांचा जास्त. तू शत्रूच्या मधोमध एक शहर घेतलंस तर चारी बाजूंनी त्याचेच लोक. शेजारची दोन लागोपाठ घेतलीस की त्यांचा दाब तुझ्या बाजूने लागतो.

चहाबाज
आणि गव्हर्नर लगेच पाठव, त्याचे ८ लॉयल्टी मिळतात. व्हिक्टर तीन टर्नमध्ये बसतो, बाकीचे पाच घेतात, म्हणून लढाईसाठी व्हिक्टर मोकळाच ठेवायचा. स्मारक बांध, लिमिटानी पॉलिसी टाक म्हणजे गॅरिसनचे २ वाढतात. आणि काळ बघून युद्ध कर. तुझा गोल्डन एज (भरभराटीचा काळ) असताना तुझा एकेक माणूस दीडपट दाब टाकतो, डार्क एजमध्ये (पडत्या काळात) निम्मा. शत्रूचा डार्क एज लागला की तीच वेळ. मी तर त्यासाठी तह लांबवून वाट बघतो.

नवाभिडू
माझा डार्क एजच चालूए. म्हणजे थांबतो. धन्यवाद!

रात्रपाळी
मंडळी, खेळून आलो, सांगतो काय केलं.

आधी निआपोलिसला मजूर पाठवला, द्राक्षमळा लावून रस्ता जोडला, ४ आले. सियामकडे जास्तीचा रेशीम होता, माझी जास्तीची साखर देऊन घेतला, अजून ४. उणे १ वर आल्यावर क्युमी जाळायला घेतलं. चहाबाज म्हणाले तसंच, खाली घसरला, पण १० च्या आत राहिला आणि तीन टर्नमध्ये शहर गेलं. तेव्हा हॅपिनेस अधिक ६ च्या आसपास. दिल्ली पुन्हा वाढायला लागली.

अँटियम पपेटच आहे. रोमचा विरोध संपेपर्यंत पपेट ठेवलं, सोनं साठवलं, आणि ज्या टर्नला अ‍ॅनेक्स केलं त्याच टर्नला कोर्टहाउस विकत घेतलं. आता रोममध्ये युनिव्हर्सिटी लावलीये. राव्हेना सीझरकडे आहे, तह केलाय.

पण बखरवाचकांचा प्रतिसाद वाचून एक गोष्ट बदलली. क्युमीच्या जागेजवळ डोंगरातून एकच खिंड आहे, तिकडून पुढे हूणांचा अत्तिला बसलाय. शहर तर गेलं, पण तिथे आता एक ग्रेट जनरल (खास सेनापती) नेऊन सिटाडेल (किल्ला) बांधायचा विचार आहे. शहराची नाराजी नाही आणि वाट अडते.

हिशेबनीस
सिटाडेलची कल्पना फार चांगली, पण ते तुमच्या हद्दीत किंवा हद्दीला लागून बांधावं लागतं. निआपोलिसची हद्द तिथपर्यंत पोचतीये का? नसेल तर दोन टाइल (नकाशावरचे षटकोन) विकत घ्या आधी. पपेटच्या टाइल विकत घेता येत नाहीत, तेव्हा त्यासाठी निआपोलिस अ‍ॅनेक्स करावं लागेल, मग परत कोर्टहाउस. रोमच्या बाजूने हद्द जाते का ते बघा, ते तर तुम्ही अ‍ॅनेक्स केलंयच.

रात्रपाळी
रोमच्या बाजूने एक टाइल कमी पडतीये. घेतो विकत.

घाटावरचा
अत्तिलाची शहरं घेतलीस तर ती कुठली निघतात ते सांग. तो दुसऱ्यांच्या यादीतली नावं उचलतो, माझ्या एका गेममध्ये त्याच्याकडे पुणे निघालं होतं. ते मात्र जाळलं नाही हं, लगेच अ‍ॅनेक्स आणि पहिलं कोर्टहाउस तिथे.

सांजवेळ
घाटावरचे आणि शहर जाळलं नाही! स्क्रीनशॉट टाका.

कोथरूडचा_हॅनिबल
गव्हर्नर कोथरूडचा हवा असेल तर मी मोकळा आहे.

जुनाखेळाडू
सगळं वाचलं. सिव्ह ३ चं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. तिथे कल्चर फ्लिप होता. शहर घेतलं, आत फौज ठेवली, आणि शत्रूचं कल्चर तुमच्यापेक्षा जास्त असेल तर एका टर्नला शहर त्याच्याकडे परत, आणि आतली सगळी फौज गायब. लढाई नाही, काही नाही, फौजच नाही. म्हणून आम्ही जखमी युनिट सुद्धा आत नाही ठेवायचो, बाहेरच्या टेकडीवर उभी करायचो आणि आत एक-दोन जुनी भालेवाली माणसं. शहर फिरलंच तर त्याच टर्नला टेकडीवरून उतरून परत घ्यायचं. आणि परक्या लोकांची संख्या जितकी कमी तितकी फिरण्याची शक्यता कमी, म्हणून त्यांच्यातूनच मजूर आणि सेटलर काढून शहर लहान करायचो आणि आपले मजूर त्यात सामील करायचो. हळूहळू शहरातली माणसंच बदलत जायची. सिव्ह ४ मध्ये फौज गायब होणं गेलं पण 'आम्हाला मायदेशात परत जायचंय' अशी नाराजी आली, ती शत्रूचं कल्चर तिथे जितकं मुरलंय तितकी. त्यामुळे ४ मध्ये शत्रूची राजधानी घेतली नसेल तर सरहद्दीवरचं शहर घेऊन काही उपयोग नसायचा, निम्म्या टाइल्स त्याच्याच हद्दीत.

नवाभिडू, तुझ्या लॉयल्टीवर पण टेकडीचा उपाय चालतो. फ्री सिटी झाल्यावर तिच्याकडे नवी युनिट येतात पण ती एकटी असते. फौज जवळ ठेव, फिरली की लगेच परत घे, गव्हर्नर तोपर्यंत पोचलेला असेल.

नवाभिडू
ओके! पण परत घेताना लोकसंख्या अजून कमी होते ना? आणि डिस्ट्रिक्ट मोडतात का?

चहाबाज
लोकसंख्या कमी होते. डिस्ट्रिक्ट राहतात पण लुटलेल्या अवस्थेत मिळू शकतात, दुरुस्त करावे लागतात. त्यापेक्षा डार्क एज संपू दे, मग जा.